‘सिस्टर, तुम्हाला काय वाटतं?’

ठाण्याच्या डॉक्टर मॅडमना सप्रेम नमस्कार,

तुम्ही मला ओळखणार नाही. मुरबाडच्या छोट्या हॉस्पिटलात कोपऱ्यातल्या खाटेवर जे बाबा होते, त्यांचा मी मुलगा. बाबा घरी आलेत, काठी टेकत शेताच्या बांधापर्यंत जाऊन येतात. तुमचे आभार मानायचे राहूनच गेले होते.

आधी त्यांना शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात ठेवलं होतं. लघवीचं इन्फेक्शन. ताप उतरला नाही की इंजेक्शन बदलायचं, एवढंच तिथे चालायचं. मी नौपाड्यात मेडिकलमध्ये कामाला आहे. बाबांना चालू होतं ते मेरोपेनेम, जंतू मारणारं भारी इंजेक्शन; शेड्यूल एच-१ मधलं, म्हणजे सरकारने विक्रीवर जास्त कडक नियम लावलेल्या यादीतलं औषध. २०१४ पासून अशा औषधांचं वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं: पेशंटचं नाव, लिहून देणाऱ्या डॉक्टरांचं नाव, किती दिलं, सगळं. दुकानात आम्ही एकेका व्हायलचा हिशेब ठेवतो आणि माझ्याच बापाला ते का चालू आहे असं विचारलं, तर उत्तर मिळे, ‘मोठे सर राउंडला आले की विचारा.’ जंतूवर कुठलं औषध चालतं ते सांगणारा लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट? ‘फाइलला असेल.’ अजूनही आठवलं की संताप होतो.

पैसे संपत आले तेव्हा मुरबाडला हलवलं. नातेवाइकांनी मला वेड्यात काढलं.

मुरबाडच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा तो रिपोर्ट मागवून घेतला आणि संध्याकाळी तुम्हाला व्हिडिओ कॉल लावला. तुम्ही रिपोर्ट पाहिलात, औषधांचा चार्ट पाहिलात. मग म्हणालात, ‘सिस्टर कुठे आहेत? त्यांना पुढे बोलवा.’ सिस्टर मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. ‘सिस्टर, दिवसभर तुम्ही त्यांच्याजवळ असता. तुम्हाला काय वाटतं?’

त्यांना असं कधी कुणी विचारलं नसावं. आधी डॉक्टरांकडे बघितलं, मग बोलायला लागल्या. आजोबा आता जेवण मागून घेतात, लघवीची जळजळ थांबलीय, पण सलाइनची सुई आहे तिथली शीर लाल होऊन दोरीसारखी कडक झालीय, हात लावू देत नाहीत. तुम्ही मोबाइल बाबांच्या हाताजवळ धरायला लावलात. ‘शाब्बास सिस्टर. ताप बहुतेक इथूनच येतोय.’

सुई निघाली. खबरदारी म्हणून रक्ताचं कल्चर पाठवलं. लघवीतल्या जंतूवर कोट्रायमोक्साझोलची साधी गोळी चालते, हे त्या आधीच्या रिपोर्टात स्पष्ट होतं. मेरोपेनेम बंद, गोळी सुरू. पुढे तापही गेला.

भारी इंजेक्शन बंद केलं म्हणजे डॉक्टरांनी आशा सोडली, असं वाटून आई रडायला लागली होती. तुम्ही फोन तिच्याकडे द्यायला सांगितलात. ‘आई, हे औषध जपून वापरायचं असतं. विनाकारण दिलं, तर जंतू त्याला दाद देईनासे होतात. उद्या खरी गरज पडली तर ते चालायला नको का?’ जागतिक आरोग्य संघटनेने मेरोपेनेम ‘वॉच’ गटात, म्हणजे जपून वापरायच्या औषधांत, का ठेवलंय, ते माझ्या अडाणी आईला त्या दिवशी कळलं. काउंटरवर कोर्समधल्या दोनच गोळ्या मागणाऱ्यांना मला ते इतकं सोपं करून कधी सांगता आलं नव्हतं.

ज्ञान पुष्कळांकडे असतं हो. मागे उभ्या असलेल्या माणसाला विचारायची माणुसकी सगळ्यांकडे नसते. त्या सिस्टर आता प्रत्येक पेशंटची सुईची जागा स्वतःहून डॉक्टरांना दाखवतात.

एक विनंती आहे. टोकावडे, धसईकडच्या दवाखान्यांनाही तुमचा हा संध्याकाळचा कॉल मिळाला तर फार बरं होईल. मुरबाडचे डॉक्टर त्यांच्याशी बोलायला तयार आहेत.

आपला कृतज्ञ,
कोपऱ्यातल्या खाटेवरच्या बाबांचा मुलगा