शांते, वही पुन्हा काढली

प्रिय शांते,
सप्रेम सलाम.

नाताळापासून तुला पत्र नाही, माफ कर. माझं बीपी गोळ्यांवर ठीक आहे. आज मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही. बोर्डिंगातली माझी काळी वही आठवते? कोण काय बोललं, कोणी काय लपवलं, सगळं तारीखवार लिहायची मी. तू पानं फाडून बंबात घातलीस आणि दिवाळीच्या सुटीपर्यंत आपला अबोला. (त्यात तुझंही नाव होतं म्हणून फाडलीस, हे माझं म्हणणं अजून कायम आहे!)

आई गेल्यापासून तशीच वही पुन्हा धरलीय. दादाच्या नावाची. आजारपणात एकदाही आला नाही, दफनाला मात्र सर्वांत पुढे उभा. १७ नोंदी झाल्या.

रविवारी उपासनेत बायबलातल्या फिलिप्पैकरांच्या पत्राचा चौथा अध्याय होता. जे सत्य, जे शुद्ध, जे श्रवणीय, त्याचं मनन करा. लहानपणी पाठ केलेलं वचन, पण या वेळी मी चिडलेच. म्हणजे झालं ते झालंच नाही म्हणायचं? घरी येऊन प्रेषितांची कृत्ये काढलं, सोळावा अध्याय. हे पत्र लिहिणाऱ्या पौलाला याच फिलिप्पै गावात छड्या मारल्या, पाय खोड्यात अडकवले. आणि पुढे कैदेतून त्याच गावाला लिहिताना सुरुवात काय, तर तुमची आठवण येते तेव्हा देवाचे आभार मानतो! छड्या त्यानं लपवल्या नाहीत गं. थेस्सलनीकाकरांना स्वच्छ कळवलंय, फिलिप्पैत आमचा अपमान झाला. पण त्या गावात लुदिया नावाच्या बाईनं त्याला घर उघडलं होतं, बंदिशाळेच्या नायकानं त्याच रात्री जखमा धुतल्या होत्या. तेही खरंच ना?

यादीत पहिला शब्द ‘सत्य’ आहे, शांते. मग माझी वही खरी होती का? रोज रात्री नऊला दादाचा फोन यायचा. आईच्या कानाशी मीच धरायचे. ती त्याला गीताचं एक कडवं म्हणून दाखवायची, धाप लागेपर्यंत. आला नाही, हे मी लिहिलं. फोन लिहिला नाही.

राग गेलेला नाही. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? पण काल अठरावी नोंद फोनाची केली आणि लिहिताना रडले. आता नऊ वाजले की हात फोनकडे जातो आणि परत येतो. आधी मी करावा का? तू सांग.

तुझा गुडघा कसा आहे? सूनबाईला नोकरी लागली, फार बरं वाटलं. मे महिन्यात येते तेव्हा वही आणते. वाच, पण फाडू नकोस.

तुझी,
सुनंदा