कर्कश म्हणण्याआधी शब्द तर ऐका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रांच्या सदरात गेल्या आठवड्यात एका गृहस्थांनी हेवी मेटल संगीत म्हणजे पैसा, नशा आणि धिंगाणा यांचा उदोउदो, असं लिहिलंय. धिंगाण्यावरून मी भांडणार नाही. पैशाचं मात्र त्यांनी नेमकं उलटं सांगितलंय, म्हणून हे पत्र.

मी यंत्रमागावर जॉबर होतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे माग दुरुस्त करण्यात चाळीस वर्षं गेली आणि त्यातच कानही गेले. घरात कुणी हळू बोललं तर मला पत्ता लागत नाही, पण नातवाच्या खोलीतलं हे संगीत अगदी स्वच्छ ऐकू येतं. तिथून आमची गट्टी जमली. शब्द काही कळायचे नाहीत. मग उन्हाळ्यात लाइट गेली की आम्ही दोघं ओट्यावर बसायचो आणि तो एकेक गाणं मराठीत सांगायचा.

पहिलं सांगितलं ते मेटालिका या बँडचं, १९९६ सालचं ‘किंग नथिंग’. एक माणूस दिसेल ते ओरबाडत सुटतो आणि शेवटी मुकुटच फुटतो. हा राजा, पण कशाचा? कशाचाच नाही. मी म्हटलं, हे तर आमच्या पेठेतल्या दोन-तीन शेठ लोकांना ऐकवायला पाहिजे. नातू म्हणाला, “आजोबा, हळू बोला.”

दुसरं मनात रुतून बसलंय. डब्ल्यू.ए.एस.पी. नावाच्या बँडने १९९२ मध्ये ‘द क्रिमझन आयडॉल’ असा अख्खा अल्बम एकाच गोष्टीवर केला. जोनाथन नावाचा, घरात नकोसा झालेला पोरगा. पळून जातो, गाणारा होतो, गर्दी, पैसा, सगळं मिळतं. मग एकदा घरी फोन लावतो. आईबाप म्हणतात, आम्हाला मुलगा नाही. पुढचा शेवट मी इथं लिहीत नाही. नातवाने तेवढं सांगून मोबाईल पालथा ठेवला आणि लाइट आली तरी आम्ही उठलो नाही. माझा मुलगा, म्हणजे त्याचा बाप, पुण्यात कंपनीत आहे. पगार चांगला आहे, याहून जास्त मी बोलणार नाही.

आता कुणी म्हणेल, स्वतः कोट्यधीश होऊन पैशात काही नाही म्हणायला यांचं काय जातं? नातवाने मागवलेल्या बँडच्या टी-शर्टाची किंमत ऐकून मीही हेच म्हटलं होतं. कापड बोटांनी चोळून पाहिलं, सूत बरं नव्हतं. पण ही माणसं आली कुठून, तेही बघा. ज्या ब्लॅक सबाथ बँडपासून हे सगळं सुरू झालं, ती पोरं इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमची, कारखान्यांच्या गावची. त्यांचा गिटारवाला टोनी आयोमी सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीचा शेवटचा दिवस, आणि मशीनने उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं नेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात हाच. गड्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली आणि पुढं तारा सैल करून वाजवायला लागला. तो जड, खोल आवाज आला त्यात या सैल तारांचाही हात आहे. हे ऐकताना मी माझ्याच उजव्या हाताकडं बघत होतो, तर्जनीचं नख मागात गेलंय.

त्यांचाच गायक ऑझी ऑस्बर्न शेवटचं गायला ५ जुलै २०२५ ला, जगभर फिरून पुन्हा बर्मिंगहॅममध्येच, ज्या ॲस्टन भागात लहानाचा मोठा झाला तिथल्या मैदानावर. पार्किन्सनमुळे उभं राहता येत नव्हतं, म्हणून सिंहासनावर बसून. सतरा दिवसांनी गेला. नातवाने तो व्हिडिओ मला तीनदा दाखवला.

पत्रलेखक गृहस्थांना विनंती, लाइट गेली की आमच्या ओट्यावर या. चहा मिळेल. जरा मोठ्यानं बोलावं लागेल.

जाता जाता एक. परवा रविवारी मुलगा आला होता. मी त्याला ती फोनची गोष्ट सांगितली. तो काही बोलला नाही. सोमवारी सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने गेला आणि दौंडहून त्याचा फोन आला. काही काम नव्हतं म्हणाला.

आपला,
एक निवृत्त जॉबर,
साखर पेठ, सोलापूर