अलाइनमेंटच्या आधी गाडीखाली शिरून पाहा

मा. संपादक यांस,
सविनय नमस्कार.

मोहोळ तालुक्यात सीनाकाठी आमची शेती आहे आणि तिथे जाण्यायेण्यासाठी एक जुनी फोर व्हील ड्राइव्ह जीप आहे, पुढे-मागे दोन-दोन चाके जोडणारा अखंड अ‍ॅक्सल आणि पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) असलेली. गेल्या उन्हाळ्यात पुणे-हैदराबाद महामार्गावर, ताशी 60 च्या आसपास वेग असताना पुलाच्या सांध्यावरून गाडी गेली आणि स्टेअरिंग दोन्ही हातांतून सुटावे इतके जोरात थरथरू लागले. गाडी जवळजवळ थांबेपर्यंत ते शांत झाले नाही. मागच्या सीटवर माझी आई होती. त्यानंतरच्या तीन महिन्यांत शहरातील वेगवेगळ्या गॅरेजांत चाकांचे बॅलन्सिंग दोनदा, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) दोनदा आणि नवा स्टेअरिंग डॅम्पर (स्टेअरिंगचे हादरे शोषणारा भाग) इतके सगळे झाले, पण यांपैकी एकाही ठिकाणी कोणी गाडीखाली शिरून सांधे हलवून पाहिले नाहीत.

अखेर एका वयस्कर मेस्त्रींनी अर्ध्या तासात दोष दाखवला. त्यांनी गाडी जॅकवर न घेता चाके जमिनीवरच ठेवली, चाकांना दगड लावले, मला सीटवर बसवून स्टेअरिंग डावीकडे-उजवीकडे थोडे थोडे हलवायला सांगितले आणि स्वतः खाली आडवे होऊन प्रत्येक सांध्यावर हात ठेवला. टाय रॉड एंड (चाके वळवणाऱ्या दांड्याच्या टोकांचे सांधे) घट्ट होते, स्टेअरिंग बॉक्सही चेसिसवर पक्का होता. मात्र चाके वळण्याआधी अख्खा पुढचा अ‍ॅक्सलच चेसिसखाली बाजूला सरकत होता, कारण पुढच्या पाट्यांचे बुश (टोकाच्या सांध्यातले अस्तर) झिजून त्यांची भोके लांबट झाली होती. गाडी उचलली असती तर सांध्यांवरचा भार गेला असता आणि हा ढिलेपणा कदाचित दिसलाच नसता. बुश बदलले, पाटे बांधणारे यू बोल्ट पुन्हा आवळले, मगच अलाइनमेंट केले, आणि थरथर थांबली. त्या बुशांचा खर्च डॅम्परच्या किमतीच्या निम्माही नव्हता.

डॅम्परबद्दल थोडे अधिक लिहिणे आवश्यक वाटते. तो थरथर शोषून घेतो, पण तिचे मूळ नाहीसे करत नाही. सांधा झिजतच राहतो आणि चालकाला मिळणारी सूचना तेवढी बंद होते. म्हणून मूळ दोष न शोधता नवा डॅम्पर बसवून गाडी हातात देणे मला धोक्याचे वाटते. अलाइनमेंटचेही तेच. ज्या गाडीचे सांधे ढिले आहेत, तिचे माप यंत्रावर बरोबर आले तरी पहिल्याच खड्ड्यात ते बदलते.

आपल्याकडे आणखी एक कारण आहे, त्याचा विचार सर्वांत आधी व्हावा. पावसाळ्यात रानातली काळी माती रिमच्या आतल्या बाजूला चिकटते, वाळून दगडासारखी होते आणि चाकाचा तोल बिघडवते. अशी कंपने ठरावीक वेगाला जाणवतात, वेग कमी-जास्त केला की ओसरतात, आणि रिम आतून धुतल्यावर पुष्कळदा जातात.

जॅकवर घेऊन करायची तपासणी वेगळी आहे आणि तीही तितकीच सोपी आहे. चाक वर-खाली धरून हलवल्यावर खुळखुळले तर दोष व्हील बेअरिंगचा किंवा किंगपिनचा (चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळते ती खीळ), काही गाड्यांत बॉल जॉइंटचा, असतो. त्याच वेळी दुसऱ्याने ब्रेक दाबून धरावा. हालचाल थांबली तर बेअरिंग, न थांबली तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट. चाक आडवे धरून हलवल्यावरच ढिलेपणा जाणवला तर टाय रॉडकडे पाहावे. गाडी सतत एका बाजूला खेचत असेल तर टायरमधील हवा आणि घासणारा ब्रेक पाहून झाल्यावर दोन्ही बाजूंना पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर मोजावे. पाट्याचा सेंटर बोल्ट तुटून अ‍ॅक्सल मागेपुढे सरकला असेल, तर या दोन मापांत फरक येतो.

जी तरुण मंडळी गाडी उंच करून मोठे टायर बसवतात, त्यांनाही विनंती आहे. उंची वाढली की ड्रॅग लिंकचा (स्टेअरिंग बॉक्सपासून चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचा) कोन बदलतो, अनेक गाड्यांत कॅस्टरही (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो, मग वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि खड्ड्यात गाडी स्वतःच दिशा बदलते. मूळ रचनेत असे बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चे निर्बंध आहेत, हेही ध्यानात असावे.

प्रवासी व मालवाहू गाड्यांना ठरावीक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. खासगी गाडीची नोंदणी मात्र 15 वर्षांची असते आणि तेवढ्या काळात तिच्याखाली डोकावणारा माणूस बहुधा एकच, तो म्हणजे मेस्त्री. गाळप हंगाम सुरू झाला की फडांकडे जाणारे रस्ते आणखी खराब होतील. त्याआधी शहरातील आणि तालुक्याच्या ठिकाणच्या गॅरेजचालकांनी एवढे करावे, अशी माझी विनंती आहे: कोणताही भाग काढण्यापूर्वी मालकाला बोलावून ढिला सांधा त्याच्या डोळ्यांदेखत हलवून दाखवावा आणि तो कोणता, हे बिलावर लिहून द्यावे.

आपला विश्वासू,
एक शेतकरी वाचक, सोलापूर