'त्या लोकांच्या' वस्तीबद्दल

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू घरांचं सांगत होतास. भाडं, ट्रेन, थंडी, सगळं सांगून झाल्यावर म्हणालास, "साऊथ साइडला स्वस्त मिळतं गं, पण तिकडे त्या लोकांची वस्ती आहे. आपली माणसं तिकडे राहत नाहीत." तुझा मित्र शेजारी होता, म्हणून मी गप्प बसले. पण ते मनातून जाईना. शिकागोत कुठे राहावं हे मला मुंबईत बसून कळत नाही, ते तू बघ. मला टोचलं ते तुझं 'ते लोक', म्हणजे साऊथ साइडचे कृष्णवर्णीय.

आजोबांचं गाणं आठवतं ना? 'शोला जो भडके'. 1951 सालचा 'अलबेला'. विसर्जनाच्या मिरवणुकीत आजोबा हात छातीशी धरून, खांदे हलवत नाचायचे, अगदी भगवानदादांसारखे. भगवानदादा गिरणी कामगाराचा मुलगा, म्हणून आमच्या चाळीत ते घरचेच. संगीत सी. रामचंद्रांचं, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, आणि लताबाईंबरोबर गायलेही तेच. यापेक्षा 'आपलं' गाणं कुठलं असणार, असं मलाही वाटायचं.

आता ते गाणं पुन्हा लाव आणि वाद्यं ऐक. बोंगो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ट्रंपेट. सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात चिक चॉकलेट नावाचा ट्रंपेटवाला होता. त्याचं खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, गाव गोव्यातलं हळदोणे. 'अलबेला'त तो आपल्या बँडसकट पडद्यावरही दिसतो. तो वाजवायचा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय ट्रंपेटवाल्या लुई आर्मस्ट्राँगसारखा, आणि लोक त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँगच म्हणायचे. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना नोटेशन, म्हणजे कागदावर लिहिलेले सूर, वाचायला शिकवत. गावात पोट भरेना, म्हणून ही मुलं मुंबईला यायची. धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गावागावाच्या सामायिक खोल्यांमध्ये, पेटी ठेवून राहायची आणि काम शोधत फिरायची. कोकणातून गिरणीत आलेल्या आपल्या माणसांचे गाळे असायचे, तसंच हे.

पण नोटेशन वाचता आलं म्हणून जाझ, म्हणजे आर्मस्ट्राँगसारख्यांचं ते संगीत, वाजवता येत नाही. ते त्यांच्या कानावर कुठून पडलं? रेकॉर्डवरून पडलं, आणि ताजमहाल हॉटेलातून. 1935 साली लिऑन ॲबे हा व्हायोलिनवादक कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा बँड घेऊन ताजमध्ये आला. मागून कॉर्नेटवाला क्रिकेट स्मिथ आला, पियानोवाला टेडी वेदरफोर्ड आला. गोव्याची मुलं त्यांचं ऐकत, पुढे त्यांच्या शेजारी बसून वाजवू लागली. मायदेशी ज्या हॉटेलांत वाजवायचं तिथे खोली मिळायची नाही, जायचं यायचं मागच्या दाराने, अशा काळातली ही माणसं.

वेदरफोर्डबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तो तुझ्या गावचा. न्यू ऑर्लिन्समध्ये पियानो शिकला. त्या काळात दक्षिणेतली कृष्णवर्णीय कुटुंबं लाखोंनी उत्तरेकडे निघाली होती, कामासाठी आणि जीव वाचवण्यासाठीही. तसाच तोही शिकागोत आला. साऊथ साइडला व्हेंडोम नावाचं थिएटर होतं, तिथल्या अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात वाजवू लागला. लुई आर्मस्ट्राँगही त्यातच होता. 1926 ची 'स्टॅटिक स्ट्रट' ही रेकॉर्ड सापडेल तुला, तिच्यावर दोघेही आहेत. त्याच वर्षी वेदरफोर्डने शिकागो सोडलं आणि आशिया गाठला. शांघाय, मुंबई, शेवटी कलकत्ता. तिथे 1945 साली पटकीने गेला, एक्केचाळिसाव्या वर्षी.

मुंबईत सगळं समान होतं असं मी म्हणत नाही. फक्त युरोपियनांचे क्लब होतेच. आणि वेदरफोर्ड शिकागोतून निघाला त्याच्या पुढच्याच वर्षी बाबासाहेबांना महाडच्या तळ्याचं पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. "तिकडे आपली माणसं राहत नाहीत" हे वाक्य आपल्याकडे फार जुनं आहे, सोनू. तू ते अमेरिकेत शिकलास की इथूनच घेऊन गेलास, याचा मी रात्रभर विचार केला.

खोताच्या वाडीत एक अंकल राहायचे. सिनेमाच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवायचे. मी लहान असताना प्रत्येक सिनेमाच्या पाट्या डोळे ताणून वाचायचे, त्यांचं नाव कधी दिसलं नाही. संगीतकार चाल गुणगुणायचा आणि पन्नास वाद्यांनी काय वाजवायचं ते गोव्याचा ॲरेंजर रात्री बसून कागदावर उतरवायचा. शंकर-जयकिशनकडे सेबॅस्टियन डिसूझा होते. नाव लागलंच तर सहायक म्हणून. अँथनी गोन्साल्विस हे नाव तुला नक्की माहीत आहे, 1977 च्या गाण्यातलं. ते खरे होते. मजोर्ड्याचे, प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू. शिष्याने गाण्यात गुरूचं नाव घातलं, आणि सगळ्या देशाला ते अमिताभच्या पात्राचं वाटलं.

आणि हे आपलं नाही म्हणणारेही होते. 1952 मध्ये केसकर माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले, आपल्या पुण्याचे, आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी गेली. शुद्ध संगीत हवं म्हणे. लोकांनी रेडिओची सुई सिलोनवर नेली. आजोबांनीही नेली.

तेव्हा न्यू ऑर्लिन्स, तुझा साऊथ साइड, ताज, हळदोणे, मग लालबाग, आणि आजोबांचे खांदे. त्या खांद्यांवर बसून तू मिरवणूक पाहिली आहेस. मला तुझ्यावर रागवायचं नव्हतं, पण थोडी रागावले आहे, ते लपवत नाही.

व्हेंडोम स्टेट स्ट्रीटवर, एकतिसाव्या रस्त्याच्या नाक्याजवळ होतं. आता ते उभं नाही. एखाद्या रविवारी सकाळी तिथे जाऊन ये. तुझी सकाळ म्हणजे माझी रात्र; मी जेवून फोनपाशीच असेन. तिथून व्हिडिओ लाव आणि मला तो रस्ता दाखव. कोणी बोललं तर बोल त्यांच्याशी.

लोणचं पोचलं का ते कळव. थंडीत कान झाकत जा.

तुझी,
आई