पाण्यातला ड्रोन म्हणजे पाणबुडी मोटर नव्हे

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

धरणात नाहीतर विहिरीत कुणी बुडालं की हल्ली बातमीच्या शेवटी एक ओळ असती, अंडरवॉटर ड्रोन मागवण्यात आला आहे. तुमच्या पेपरात पण असती आणि बाकीच्यांच्या पण. ती ओळ वाचून आमच्या दुकानावर माणसं येतात, माझं गेवराई तालुक्यात मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, आणि विचारतात की तुमच्याकडं ते यंत्र आहे म्हणे, किती एचपीचं, किती फुटावरून पाणी उचलतंय. मी सांगतो बाबा ती सबमर्सिबल, म्हणजे पाणबुडी मोटर, नाही, ते पाणी उचलत नाही, फक्त पाण्यात जाऊन बघतंय. तर म्हणतात नुसतं बघायला एवढे पैसे? म्हणून म्हणलं एकदा पत्रच लिहावं, छापा नाहीतर नका छापू, तुमची मर्जी.

मी वीस वर्षं झाली विहिरीतल्या मोटारी काढतोय. आधी स्वतः उतरायचो, आता गुडघे बोलायलेत म्हणून पोरं उतरतात. आणि ह्या धंद्यात माणसं कशी जातात ते मी बघितलेलं आहे. जुन्या आडात, बंद पडलेल्या विहिरीत हवा खराब होती, कार्बन डायऑक्साईड जड असतो तो तळाला बसतो, त्यात कुणी इंजिन आत ठेवून चालवलं असंल तर विषारी धूर वेगळाच. एक जण उतरतो, बेशुद्ध पडतो, त्याला काढायला भाऊ उतरतो तो पण पडतो. कंदील सोडून बघा म्हणायची पद्धत होती, आता कंदील कुणाकडं आहे. आणि बरं, बऱ्याच वेळा उतरायचं कारण काय असतंय, तर फक्त बघायचं असतंय. पायपाचा क्लॅम्प सुटला का, पायपाच्या तळाचा फूट वॉल गाळात रुतला का, खालून दगड ढासळला का. नुसतं बघायसाठी माणूस घालायचा का आत, एवढाच माझा मुद्दा आहे.

तर आमचा पुतण्या डिप्लोमाला आहे, त्यानं मागच्या वर्षी एक सेकंडहँड पाण्यातला ड्रोन आणला, कंपनीचं नाव घेत नाही, फुकट जाहिरात कशाला. बुटाच्या खोक्याएवढा असंल, चार किलोच्या आसपास, पुढं काचेमागं कॅमेरा, दोन लाईटी, मागं आणि वर बारके पंखे. आणि एक लांबलचक पिवळी वायर. लोकांचा पहिला प्रश्न वायरीचाच, लग्नात फोटो काढतो तो ड्रोन तर बिनवायरीचा असतोय मग ह्याला कामून? त्याचं असं आहे की रिमोटचे सिग्नल हवेत जातात तसे पाण्यात जात नाहीत, हातभर पण नीट जात नाहीत, जीपीएस पण नाही. म्हणून चित्र वर यायचं ते वायरीतूनच, हुकूम खाली जायचा तो पण वायरीतूनच. काही मॉडेलला वायरीचं वरचं टोक एका तरंगत्या डब्याला असतं आणि तिथून मोबाईलला वायफाय, पण पाण्याखाली वायर ती वायरच.

आणि सगळी गोम इथंच आहे. पोरांना वाटतं जॉयस्टिक आली की ड्रोन आला. मी म्हणतो बारा आणे काम वायरीचं, चार आणे रिमोटचं. वायर धरायला वेगळा माणूस पाहिजे आणि त्यानं मोबाईल खिशात ठेवला पाहिजे. जास्त सोडली तर ती खाली वेटोळे घालून कशाततरी गुंतणार, कमी सोडली तर ड्रोनला वढ बसणार आणि चालवणारा म्हणणार पुढं जाईना झालाय. वायर गुंडाळताना कोपराला गुंडाळू नका, आपली सवय असती दोर तसा गुंडाळायची, त्यानं पीळ पडतो आणि आतली तार तुटती. जमिनीवर इंग्रजी आठच्या आकड्यात टाकत जायची, सोडताना सुरळीत सुटती. आणि आत शिरताना ज्या बाजूनं गेलो त्याच बाजूनं माघारी यायचं, पायपाला वळसा घालून आलात की अडकलात.

आम्ही अडकलो की! तिसऱ्याच दिवशी. आमच्याच विहिरीत पायपाला बांधलेली एक जुनी नायलॉनची दोरी सुटून लोंबत होती, ती पंख्यात गेली आणि ड्रोन 25 फुटावर जागच्या जागी फिरायला लागला. पुतण्यानं शर्टच काढला, तात्या मी बुडी मारून सोडवतो. म्हणलं गधड्या माणूस आत जाऊ नये म्हणून हे आणलं ना, आता ह्याच्यासाठी माणूस घालतो का आत? मग शेजाऱ्याकडून घागर काढायचा गळ आणला, दोराला बांधून सोडला, आणि गंमत अशी की गळ कुठं चाललाय ते त्याच ड्रोनच्या कॅमेऱ्यात दिसत होतं. पाऊण तास लागला. दोरीसकट वर आला. पंख्याचं एक पातं गेलं, ठीक आहे, पातं मिळतंय.

विहिरीत सोडायच्या आधी मोटारीचा करंट बंद. नुसतं स्टार्टर बंद करून भागत नाही, आपल्याकडं सगळ्यांनी ऑटो बसवलेत, लाईट आली की मोटर आपोआप चालू, आणि लाईट कधी येईल ते आपल्या हातात आहे का. पेटीतली फ्यूजची ग्रीप काढायची आणि खिशात घालायची. खिशात म्हणजे खिशात, पेटीवर ठेवायची नाही, कुणीतरी भलं करायला म्हणून बसवतंय.

दुसरी गोष्ट तरंगण्याची. आमचा ड्रोन आधी समुद्रावर वापरलेला होता, पहिल्या दिवशी विहिरीत सोडला तर दगडासारखा खाली. पुतण्या घाबरला, पाणी शिरलं म्हणला. पाणी नव्हतं शिरलं. समुद्राचं पाणी खारट म्हणून जड, लिटरला साधारण 1025 ग्रॅम, आपलं विहिरीचं 1000. चार लिटर जागा व्यापणारा ड्रोन असंल तर शंभर ग्रॅमचा फरक पडला की, तेवढं वजन इथं काढावं लागतं. आम्ही पोटाखालच्या वजनपट्ट्या एकेक काढत गेलो, हौदात सोडून बघायचं, परत काढायचं, शेवटी असा जमला की पंखे बंद केले की अगदी सावकाश वर येतो, म्हातारं माणूस उठतंय तसा. असाच ठेवावा. बॅटरी संपली, वायर तुटली तरी तो आपला वर येणार.

तिसरी गोष्ट ओ रिंग, म्हणजे झाकणातून पाणी शिरू नये म्हणून बसवलेली रबराची गोल रिंग. मोटारीवाल्याला सील काय असतं ते सांगायची गरज नाही पण मीच फसलो. बॅटरीचं झाकण उघडलं, ड्रोन गोणपाटावर ठेवला होता, झाकण लावलं. बरं म्हणलं आधी बादलीत बुडवून बघू. तर झाकणाच्या कडेनं एक बुडबुडा, मग दुसरा, मोहरीएवढे, पण थांबेनात. उघडून बघितलं तर गोणपाटाचा एक धागा, केसापेक्षा जरा जाड, रिंगवर आडवा पडलेला. एवढ्याशा धाग्यानं सगळं गेलं असतं, कारण दर 33 फुटाला, म्हणजे 10 मीटरला, वरच्या हवेच्या दाबाएवढा अजून एक दाब वाढत जातो, वर मोहरीएवढं गळतंय ते खाली जोरात घुसतं. आता झाकण उघडायचं ते स्वच्छ पांढऱ्या सुती कपड्यावर, रिंग बोटानं चाचपायची, सिलिकॉन ग्रीसचं नुसतं बोट फिरवायचं. बेअरिंगचं ग्रीस लावू नका, काही रबर त्यानं फुगतं. आणि पंखे कोरडे जास्त वेळ फिरवायचे नाहीत, सबमर्सिबल जशी कोरडी चालवत नाहीत तसंच, कारण ह्यांच्या बऱ्याच पंख्यांचं बुश पाण्यावरच चालतं. लोकांना दाखवायला म्हणून फिरवून फिरवून घरघर आवाज काढणारे मी बघितलेत.

आता गढूळ पाण्याचं, कारण पेपरातल्या बातमीचा खरा घोळ इथं आहे. फेब्रुवारी मार्चला आपल्या विहिरीचं पाणी नितळ असतं, आमच्या विहिरीत 35 फूट पाणी होतं तेव्हा काळ्या पाषाणातली भेग न भेग दिसली. माझ्या मायची तांब्याची कळशी आत पडली होती त्याला पंधरा वर्षं झाली असतील, ती दिसली, हिरवी पडलेली, आडवी, तोंडात गाळ. माय स्क्रीनकडं बघून म्हणली कडीला मीच चिंधी बांधली होती बघ. चिंधी नव्हती राहिली. पण तीच विहीर ऑगस्टात, पहिल्या मोठ्या पावसानंतर, काही म्हणजे काही दिसत नाही. स्क्रीन चहासारखी. पुतण्यानं लाईट फुल केली तर अजूनच कमी दिसायला लागलं. धुळीच्या रस्त्यावर मोठी लाईट लावल्यावर कसं होतं, सगळा उजेड धुळीवरून आपल्याच डोळ्यात, तसं. गढूळात लाईट कमी करायची, तळाच्या जवळ गेलं की पंखे हळू, नाहीतर गाळ उठतो आणि अर्धा तास बसत नाही. आणि पाण्यात काचेतून बघताना वस्तू पाव हिश्श्यानं जवळ वाटती, त्यामुळं सुरुवातीला प्रत्येक जण अंदाज चुकून कशालातरी धडकतोच. आमच्या लोखंडी पायपाजवळ गेलं की दिशा दाखवणारा काटा पण वेड्यासारखा फिरतो, लोखंडाचा परिणाम, तेव्हा काट्यावर विसंबू नका, भिंत बघून चाला.

तर धरणात पावसाळ्यात बुडालेला माणूस कॅमेऱ्याच्या ड्रोननं लगेच सापडंल असं नसतंय. तिथं सोनार लागतं, म्हणजे आवाज सोडून त्याच्या पडसादावर चित्र काढणारं, ते ड्रोनला जोडता येतं पण ते चित्र वाचायला शिकावं लागतं, सोनोग्राफीच्या फोटोसारखंच असतं, आपल्याला काय कळतंय. काठावर नातेवाईक रडत असतात, दोनशे माणसं मोबाईल घेऊन उभी, आणि खोकं त्याच दिवशी पहिल्यांदा उघडलेलं. असं मी एका ठिकाणी बघितलंय, ठिकाण सांगत नाही. वायर सोडणाऱ्या पोराचे हात थरथरत होते, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, त्याचा काय दोष. 2022 च्या सप्टेंबरात माजलगाव धरणात बुडालेल्या माणसाला शोधताना शोधपथकातल्याच जवानाचा जीव गेला होता, ते आठवलं की मला वाटतं हे यंत्र पाहिजेच पाहिजे. पण तालुक्याला यंत्र देताना एक उन्हाळा नितळ विहिरीत सराव पण द्या, एखाद्या आयटीआयच्या पोरांना जोडून द्या, विहिरीला आपल्याकडं तोटा आहे का. पाण्याला आहे, ते सोडा. 2016 ला लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तसलं साल आलं तर सराव हौदातच करावा लागंल.

नवीन घेणाऱ्यांना अजून एक दोन गोष्टी. हा बोअरमध्ये जात नाही. साडेसहा इंची बोअरला वेगळा लांबट कॅमेरा असतो, त्यासाठी मला फोन करू नका. शेततळ्यात सोडायला हरकत नाही पण प्लॅस्टिकच्या कागदावर पाय घसरतो, कमरेला दोर बांधूनच काठावर बसा. धरणाच्या दरवाज्याजवळ, कालव्याच्या तोंडाशी, चालू पंपाच्या जाळीजवळ अजिबात नाही. साधा हिशेब करा, 10 मीटर खोलीवर चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब, आणि पलीकडं रिकामं असलेलं एक फूट बाय एक फुटाचं भोक म्हणजे नऊशे किलोच्या वर वढ. ड्रोन काय, म्हैस चिकटून बसंल. आणि उडत्या ड्रोनचे 2021 चे नियम ह्याला लागत नाहीत असं पुतण्या म्हणतो ते खरं आहे, ते हवेतल्यासाठी आहेत, पण म्हणून नाथसागरात कुणालाही न विचारता सोडायचा असं नाही, धरणावर पाटबंधारे खात्याची परवानगी लागती आणि तिथं तर पक्षी अभयारण्य पण आहे.

बीडची खजाना विहीर आणि तिची भुयारं ड्रोननं दाखवा म्हणून बरेच जण मागं लागलेत, एकानं तर संभाजीनगरची नहर-ए-अंबरी पण सुचवली. मलिक अंबरच्या काळातली नहर! माझं उत्तर नाही असं आहे. परवानगीचा भाग वेगळा, पण भुयारात वर छत असतं, वायर कोपऱ्याला घासती, बॅटरी गेली तर ड्रोन वर येण्याऐवजी छताला जाऊन चिकटणार आणि मग त्या निजामशाहीच्या कामात आमचं प्लॅस्टिकचं खोकं कायमचं. ती कामं कोची चेन्नईच्या कंपन्यांची, आयरोव्ह, प्लॅनिस वगैरे, आपल्या देशातच पाण्यातले रोबो बनवतात ते लोक. आम्ही आपले मोटारवाले.

पण घरी बनवता येतो का, ह्याला उत्तर हो आहे. पुतण्या आणि त्याचे दोन मित्र सध्या अर्धा इंची पीव्हीसी पाईप, बोटीतलं पाणी उपसायच्या 12 व्होल्टच्या बारक्या मोटारी आणि वर तीन स्विच एवढ्यावर एक करायलेत. कॅमेरा सीलबंद डब्यात. तरंगायला थर्माकोल लावला होता तो मी काढायला लावला, खोल गेलं की दाबानं चेपतो आणि मग वर येत नाही, त्याऐवजी दोन्हीकडून बूच मारलेला जाड पाईप. पहिला प्रयोग हौदात झाला, डावीकडं म्हणलं की उजवीकडं जातो, वायरी उलट्या जोडल्यात.

पत्र लांबलं याची कल्पना आहे. जागा कमी असंल तर खजाना विहिरीचा भाग कापा, वायरीचा आणि ग्रीपचा तेवढा कापू नका.

आपला,
एक मोटर मेकॅनिक, गेवराई तालुका, जि. बीड