पाहुण्यांना न कळवता रद्द केलेल्या बुकिंगबाबत तक्रार

राजारामपुरी, कोल्हापूर
दिनांक : २ जून २०२५

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : सभासदाकडून भाड्याने घेतलेल्या टाइमशेअर पॉइंटवरील (रिसॉर्टमध्ये राहण्यासाठी सभासदत्वापोटी मिळणाऱ्या गुणांवरील) १२ ते १६ मे २०२५ चे बुकिंग पाहुण्यांना न कळवता रद्द केल्याबाबत.

संदर्भ : माझा १४ मे २०२५ चा ईमेल व आपले १९ मे २०२५ चे उत्तर.

महोदय,

आपल्या १९ मेच्या चार ओळींच्या उत्तरात, मी आपला सभासद नसल्यामुळे माझ्या तक्रारीची दखल घेता येत नाही आणि मी मूळ सभासदाशी संपर्क साधावा, असे कळवले आहे. मूळ सभासदाशी मी संपर्क साधलेला आहे आणि त्यांच्याकडे माझे जे येणे निघते ते मी त्यांच्याकडूनच वसूल करीन. त्यातला एक रुपयाही या पत्रात मागितलेला नाही. ही तक्रार केवळ आपल्या कंपनीने जे केले आणि जे करायला हवे असताना केले नाही, तेवढ्यापुरती आहे.

मी एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागातून ३१ वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झालो. यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत आई, आम्ही उभयता, मुलगा, सून आणि दोन नातवंडे अशा सातजणांनी दक्षिण गोव्यातील आपल्या रिसॉर्टवर चार दिवस जायचे ठरवले. एका जुन्या सहकाऱ्याच्या ओळखीतून पुण्यातील एका सभासदांचे नाव कळले. त्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी आपले २५ वर्षांचे सभासदत्व घेतले आहे, मुले परदेशी आहेत, पॉइंट पडून राहतात आणि मुदत संपली की बुडतात. वार्षिक देखभाल शुल्क मात्र सहलीला गेले तरी भरावे लागते आणि घरी बसले तरी भरावे लागते. हे शुल्क निघावे एवढ्यासाठी ते शिल्लक पॉइंट भाड्याने देतात. दोन अपार्टमेंट, चार रात्री, एकूण ३६,००० रुपये, असे आमचे ठरले.

अनोळखी माणसाला एवढी रक्कम द्यायची म्हणताना मी काय काय तपासले ते जरा विस्ताराने लिहितो, कारण आपल्या उत्तराचा सूर मी डोळे झाकून व्यवहार केला असा आहे. मी त्यांच्याकडून सभासदत्वाचा चालू खातेउतारा, शिल्लक पॉइंटची नोंद आणि देखभाल शुल्क भरल्याची पावती मागवली. कागद खरा दिसला म्हणून तो खरा असतोच असे नाही, हे बँकेत शिकलो होतो. म्हणून त्यांनी दिलेल्या नंबरवर फोन न करता आपल्या संकेतस्थळावरील टोल फ्री क्रमांकावर २४ जानेवारीला मी स्वतः फोन केला. आपल्या प्रतिनिधीने सभासदाची माहिती परक्या व्यक्तीला देण्यास नकार दिला, आणि तो योग्यच होता. मग मी सभासदांना त्याच कॉलवर जोडून घेतले, त्यांनी आपली ओळख पटवून माहिती देण्यास संमती दिली आणि मी तीन प्रश्न विचारले : सभासदत्व चालू आहे का, शुल्क थकीत आहे का, आणि सभासद सोबत नसताना पाहुणे राहू शकतात का. उत्तरे अनुक्रमे “हो”, “सगळे भरलेले आहे” आणि “हो, पाहुणे नोंदणी शुल्क भरावे लागेल” अशी मिळाली. या संभाषणाचे ध्वनिमुद्रण होत असल्याचे कॉलच्या सुरुवातीलाच सांगण्यात आले होते, तेव्हा ते आपल्याकडे असणारच. ते जपून ठेवावे अशी विनंती आहे.

त्यानंतर २७ जानेवारीला पाचशे रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर सभासदांशी लेखी करार केला. माझा भाचा अमेरिकेत असतो. तिकडे टाइमशेअरचे पॉइंट मालकाकडून भाड्याने घेणे ही नवलाई नाही, आणि काही मध्यस्थ संस्था भाड्याचा एक हिस्सा स्वतःकडे राखून मालकाला तो पाहुण्यांचा मुक्काम सुरू झाल्यावरच देतात, असे त्याने सांगितले होते. आमच्यात मध्यस्थ नव्हता, म्हणून मी हप्ते पाडले : करारावेळी ९,००० रुपये, आपले निश्चितीपत्र माझ्या नावाने आल्यावर १८,००० आणि खोलीचा ताबा मिळाल्यावर उरलेले ९,०००. पाहुणे नोंदणीचे पैसे सभासदांच्या हाती न देता मी आपल्या संकेतस्थळावरून थेट आपल्याकडे भरले. दोन अपार्टमेंटचे प्रत्येकी २,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे ४,७२० रुपये. पावती माझ्या नावाची आहे. ३० जानेवारीच्या निश्चितीपत्रावर माझे व माझ्या मुलाचे नाव, माझा मोबाइल क्रमांक आणि ईमेल पत्ता छापलेला आहे. याहून अधिक काळजी पाहुण्याने काय घ्यावी हे आपणच सांगावे.

आता १२ मेकडे येतो. पहाटे साडेपाचला कोल्हापूर सोडून निपाणी, आजरा करत आंबोली घाट उतरून आम्ही दुपारी दोनच्या सुमारास रिसॉर्टवर पोहोचलो. आधार कार्डांच्या प्रती काउंटरवर ठेवल्या. रिसेप्शनवरील मुलीने बुकिंग क्रमांक टाकला, थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिली, पुन्हा टाकला आणि मग काही न बोलता मॉनिटर माझ्याकडे वळवला. वर लाल अक्षरांत बुकिंग रद्द असल्याचा शेरा, कारण सभासद शुल्क थकीत, दिनांक १६ एप्रिल. आणि त्याच पडद्यावर खाली आमची नावे व माझा मोबाइल क्रमांक जसेच्या तसे. नातवंडे तोवर पोहण्याचे कपडे घालून तलावाच्या काठी उभी होती. शहात्तर वर्षांच्या माझ्या आईने सोफ्यावर बसून धपाट्यांचा डबा उघडला होता, तो सुरक्षारक्षकाने बाहेरचे खाद्यपदार्थ चालत नाहीत म्हणून बंद करायला लावला. त्या मुलीचा यात काडीचाही दोष नव्हता आणि ती शेवटपर्यंत सौजन्याने वागली, हे मला इथे नोंदवायचे आहे. व्यवस्थापक मात्र अडीच तासांनी भेटले.

खुलासा असा झाला. आपले शुल्कवर्ष १ एप्रिलला सुरू होते. नव्या वर्षाचे १७,४०० रुपयांचे बिल सभासदांना गेले, १५ एप्रिलपर्यंत ते भरले गेले नाही, आणि दुसऱ्याच दिवशी संगणकाने त्यांचे सभासदत्व स्थगित करून पुढची सर्व बुकिंग रद्द केली. सभासदांनी शुल्क चुकवले ही त्यांची चूक आहे आणि त्याबद्दल त्यांच्याशी माझे वेगळे बोलणे चालू आहे. पण २४ जानेवारीला मी जेव्हा शुल्काविषयी विचारले तेव्हा मुक्काम मे महिन्यात आहे हे मी सुरुवातीलाच सांगितले होते. “भरलेले आहे” हे उत्तर ३१ मार्चपुरतेच खरे होते, आणि मेमधला मुक्काम पुढच्या वर्षाच्या शुल्कावर अवलंबून राहील हे आपल्या प्रतिनिधीला ठाऊक असणार, मला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. कर्जदाराने विमा चालू आहे का असे विचारावे आणि आम्ही “हो” म्हणून पुढच्या आठवड्यात मुदत संपते हे गिळून टाकावे, तसला हा प्रकार आहे. निश्चितीपत्राची दोन्ही पाने भरून तलावाच्या वेळा, टॉवेलची अनामत आणि पाळीव प्राण्यांविषयीचे नियम आहेत. ही अट त्यात कुठेही नाही.

यापेक्षा गंभीर गोष्ट पुढे आहे. १६ एप्रिल ते १२ मे हे २६ दिवस होते. या काळात आपल्याकडून मला रद्द झाल्याचा ईमेल, एसएमएस किंवा फोन आला नाही. माझा संपर्क आपल्याकडे नव्हता असे म्हणण्याची सोय नाही, कारण ९ मे रोजी, म्हणजे बुकिंग रद्द करून २३ दिवस झाल्यावर, आपल्याच कंपनीचा मला एसएमएस आला की आपण आमच्या आगमनाची वाट पाहत आहात आणि जेवण शाकाहारी हवे की मांसाहारी ते कळवावे. मी कळवलेही. त्याचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे. एप्रिलमध्ये एक ओळ आली असती तर माझ्याकडे राखलेले ९,००० रुपये आणि सभासदांकडून उरलेली रक्कम घेऊन ते शुल्क मी त्याच दिवशी भरायला लावले असते. फार तर दुसरीकडे खोल्या पाहिल्या असत्या. १२ मेलाही मी काउंटरवर उभा राहून ती थकबाकी स्वतःच्या कार्डाने भरायची तयारी दाखवली. रद्द झालेले बुकिंग आता परत उभे करता येत नाही, असे व्यवस्थापकांनी सांगितले, आणि त्याच प्रकारची दोन अपार्टमेंट त्या दिवसाच्या दराने लगेच देऊ केली. खोल्या रिकाम्या होत्याच.

सभासदाने पॉइंट मोबदला घेऊन इतरांस देणे नियमात बसत नाही, असेही आपल्या उत्तरात म्हटले आहे. तसा नियम असेल तर तो सभासदत्वाच्या करारात असेल; मला दाखवलेल्या एकाही कागदावर तो नाही, आणि सभासदाशी माझे नाते काय हे ना फोनवर विचारले गेले ना नोंदणीच्या फॉर्मवर. त्यातून नियम मोडल्यामुळे बुकिंग रद्द झाले असते तर गोष्ट वेगळी होती. आपल्या नोंदीतले कारण थकबाकीचे आहे. नियमाची आठवण तक्रार आल्यानंतर झाली आणि आमच्याकडून घेतलेल्या शुल्काची आठवण अजूनही झालेली नाही.

मी आपला ग्राहक नाही हे म्हणणे कायद्याला धरून नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(७) नुसार मोबदला देऊन सेवा घेणारा तर ग्राहक असतोच, शिवाय त्याच्या संमतीने त्या सेवेचा लाभ घेणारी व्यक्तीही ग्राहक ठरते. मी दोन्ही अर्थांनी त्यात बसतो : पाहुणे नोंदणीचे पैसे आपण माझ्याकडून घेतले आहेत आणि सभासदांची संमती आपल्याच फोनवर नोंदलेली आहे. त्याच कायद्याच्या कलम २(११) मध्ये सेवेतील त्रुटीची जी व्याख्या आहे, तीत ग्राहकापासून संबंधित माहिती जाणीवपूर्वक दडवून ठेवण्याचाही समावेश आहे. आपण संकेतस्थळावरून बुकिंग व पैसे घेत असल्याने ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० ही आपल्याला लागू होतात; त्यांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि महिन्याभरात तिचे निवारण करणे बंधनकारक आहे. माझ्या १४ मेच्या ईमेलला पोच नव्हती, पाचव्या दिवशी एकदम नकारच आला.

रकमेचा हिशोब साधा आहे. आईला त्या दिवशी आणखी प्रवास झेपणारा नव्हता, म्हणून पहिली रात्र आपल्याच रिसॉर्टमध्ये दोन अपार्टमेंटचे करांसह २३,००० रुपये भरून काढली. पुढच्या तीन रात्री गावातल्या एका लॉजमध्ये दोन खोल्या घेतल्या, त्यांचे १६,८०० झाले. एकूण ३९,८००. ठरल्याप्रमाणे सारे झाले असते तरी भाड्याचे ३६,००० मी दिलेच असते, म्हणून ते वजा करून ३,८०० रुपयांचा फरक आणि जी सेवा मिळालीच नाही तिच्या नोंदणीचे ४,७२०, असे ८,५२० रुपये आपण परत करावेत. आई आणि मुलांची जी परवड झाली तिची भरपाई म्हणून १५,००० रुपये मागत आहे. मागणी एकूण २३,५२० रुपयांची आहे. मोठा आकडा लिहिता आला असता, परंतु ज्याचा कागद माझ्याजवळ नाही असा खर्च मी यात धरलेला नाही.

पैशांखेरीज दोन गोष्टींचे लेखी उत्तर हवे आहे. मुक्काम पुढच्या शुल्कवर्षात पडत असेल तर तसे निश्चितीपत्रावर ठळकपणे छापणार का, किंवा त्या वर्षाचे शुल्क बुकिंगच्या वेळीच घेणार का? आणि सभासदाच्या थकबाकीमुळे बुकिंग रद्द करण्यापूर्वी, ज्याच्याकडून आपण नोंदणी शुल्क घेतले आहे त्या पाहुण्याला किमान सात दिवस आधी सूचना आणि ती थकबाकी भरून बुकिंग राखण्याची संधी देणार का? शाकाहारी की मांसाहारी असे विचारणारा एसएमएस ज्या यंत्रणेतून जातो, त्याच यंत्रणेतून हीही सूचना जाऊ शकते.

माझ्या पहिल्या तक्रारीला १४ जून रोजी एक महिना पूर्ण होत आहे. तोपर्यंत रक्कम जमा झाली नाही, तर मी कलम ३५ खाली कोल्हापूर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करीन. तक्रारदार जिथे राहतो तिथे ती दाखल करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाचे शुल्कही नाही, त्यामुळे त्यासाठी मला आपल्या मुख्यालयाच्या शहरात येण्याची गरज पडणार नाही.

निश्चितीपत्र, ४,७२० रुपयांची पावती, ९ मेच्या एसएमएसचा स्क्रीनशॉट, रिसेप्शनवरील पडद्याचे छायाचित्र, रिसॉर्ट व लॉजची बिले आणि सभासदांशी झालेल्या कराराची प्रत सोबत जोडली आहे. मूळ कागद माझ्याकडे आहेत. बँक खात्याचा तपशील १४ मेच्या ईमेलमध्ये दिलेलाच आहे, त्यात बदल नाही.

आपला,
तक्रारदार
(निश्चितीपत्रावरील पाहुणा क्रमांक १)