कढईतली आग

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आमच्या स्वयंपाकघरातल्या आगीचे ऐकून फोनवर आईचा आवाज रडवेला झाला, म्हणून त्या वेळी मी बोलणे आवरते घेतले. पण बाबांना सगळे नीट समजल्याशिवाय चैन पडणार नाही, हे ठाऊक असल्याने सविस्तर लिहीत आहे. आम्ही दोघीही सुखरूप आहोत.

माझ्यासोबत राहणारी मैत्रीण कढईत तेल तापत ठेवून, दाराची घंटा वाजली म्हणून बाहेर गेली. तेल पेटण्याआधी धुरकटते आणि तेवढ्यात शेगडी बंद झाली तर पुढचे काहीच घडत नाही. मात्र ते तसेच तापत राहिले, की साधारण 350 अंश सेल्सिअसच्या पुढेमागे ज्वाळेचा स्पर्शही न होता स्वतःहून पेट घेते. छतावरचा धुराचा भोंगा वाजला म्हणून मी धावत गेले, तर ज्वाळा हातभर वर उठलेल्या आणि मैत्रीण, जी माझ्याआधीच पोहोचली होती, नळाखाली पातेले भरत होती. मी ते पातेले तिच्या हातातून अक्षरशः हिसकावून घेतले. पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी जाते, तिथे क्षणात त्याची वाफ होते, आणि ती वाफ मूळ पाण्याच्या सुमारे 1,700 पट जागा व्यापत असल्याने पेटते तेल घरभर उडवते. ते पाणी पडले असते, तर हे पत्र बहुधा दवाखान्यातून लिहावे लागले असते.

शेगडीची बटणे पुढच्या बाजूला होती, हे नशीब. ती बंद करून मी धातूचे मोठे झाकण आपल्या बाजूने पुढे सरकवत कढईवर ठेवले, म्हणजे ज्वाळा तोंडावर न येता पलीकडे वळल्या. आग लगेच शमली. खरी कसोटी पुढे होती, कारण मैत्रीण सारखी म्हणत होती, ‘उघडून बघू या, विझली का.’ तेल गरम असताना झाकण उचलले, की हवा मिळून ते पुन्हा भडकते. म्हणून कढई पूर्ण गार होईपर्यंत आम्ही तिला हात लावला नाही, आणि ती उचलून अंगणात नेण्याचा शेजाऱ्यांचा सल्लाही मानला नाही. झाकणाने भागले नसते, तर स्वयंपाकघराचे दार ओढून घेऊन बाहेर पडायचे आणि अग्निशमन दलाला बोलवायचे, एवढेच उरले होते.

मैत्रिणीच्या मनगटावर तेलाचा थेंब उडाला होता. बांगडी लगेच काढून, हात वाहत्या गार पाण्याखाली 20 मिनिटे धरायला लावला. बर्फ, टूथपेस्ट, तूप यांपैकी काहीही लावू दिले नाही. आई, यावर तू रागावशील, पण डॉक्टरांनीही तेच सांगितले.

आग मिनिटभराची, निस्तरणे मात्र अजून चालू आहे. काजळी इतकी बारीक असते, की बंद कपाटातल्या ताटांच्या चळतीतही शिरली. छताच्या कोपऱ्यांत काळे धागे लोंबत होते, ते कोळिष्टकांसारखे दिसले तरी काजळीचेच निघाले. ओल्या फडक्याने पुसले, की ती रंगात मुरते, म्हणून आधी भिंती कोरड्या स्पंजने टिपून काढल्या आणि मगच साबणाचे पाणी वापरले. धूर लागलेले उघडे अन्न सगळे टाकून दिले. चिमणीची जाळी चिकट झाली होती आणि शेजारच्या स्विचबोर्डाची कड मऊ होऊन वाकली होती. त्यामुळे त्या खोलीची वीज मुख्य बोर्डावरून बंद ठेवली आहे आणि इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय ती सुरू करणार नाही.

बाबांनी विचारले होते, तर विम्यासाठी साफसफाईच्या आधीच प्रत्येक भिंतीचे, बोर्डाचे आणि कढईचे फोटो काढून ठेवले आहेत. घरमालकांनाही त्याच दिवशी लेखी कळवले. विमा कंपनीचा माणूस गुरुवारी पाहणीला येणार आहे. तो काय म्हणतो ते कळवीन. तोवर जेवणाची व्यवस्था शेजारी झाली आहे, तेव्हा आईने त्याची काळजी करू नये.

तुमची,
लेक